आपल्या भागात नवीन बससेवा सुरू करून घ्यायची तर सुरुवात नेमकी कुठून करायची?

रानजाई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. आमची वस्ती शहराच्या कडेला वाढत गेली, घरं वाढली, माणसं वाढली, पण बस काही आत आली नाही. मुख्य रस्त्यावरच्या थांब्यापर्यंत पंचवीस मिनिटं चालायचं आणि तिथे बस कधी येईल ते कोणालाच सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही सह्या गोळा केल्या, निवेदन दिलं, मागे लागलो, आणि खरंच बस सुरू झाली! पण वेळा काय तर सकाळी अकरा आणि दुपारी चार. नोकरीवाले साडेसातला निघतात, कॉलेजची मुलं त्याच्याही आधी. चार महिने बस रिकामी धावली आणि मग "प्रवासी प्रतिसाद नाही" असं लिहिलेलं एक पत्र आलं आणि बस बंद. आता पुन्हा मागायला गेलं की तेच पत्र तोंडावर येतं.
माझ्या शेजारच्या काकूंना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जावं लागतं, त्यांचा मुलगा प्रत्येक वेळी अर्धा दिवस रजा टाकतो. मला हे डोळ्यांनी बघवत नाही म्हणून पुन्हा उभी राहतेय, पण या वेळी नीट करायचं आहे. कोणी असं काम केलं असेल, यातलं शिक्षण असेल, परदेशात बघितलं असेल तर कृपया सविस्तर लिहा, वेळ लागला तरी चालेल.

अर्धविराम
तुमच्या चिकाटीला सलाम. पण एक सांगू का, एकेक बस मागत बसण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून मोठा प्रकल्प मागावा असं मला वाटतं, मेट्रो नाहीतर निदान बससाठी राखीव मार्ग. गाड्यांच्या गर्दीत अडकणारी बस कितीही आणा, लोक परत दुचाकीवरच जाणार.

नकाशावेडा
रानजाई, मी वाहतूक नियोजनाच्याच कामात आहे त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोलाची ओळ "सकाळी अकरा आणि दुपारी चार" ही आहे. मागच्या वेळी तुम्ही बस मागितली आणि तुम्हाला बस मिळाली. या वेळी वेळापत्रक मागा. म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, दर किती मिनिटांनी, एका फेऱ्याला किती वेळ, गाड्या किती, चालक किती, हे सगळं तुम्हीच मांडून न्यायचं. समोरच्या माणसाच्या टेबलावर मागण्या रोज येतात, हिशेब क्वचित येतो.
हिशेब अवघड नाहीये. बस इथून निघाली, टोकाला पोचली, तिथे थोडी थांबली, परत आली, इथे थोडी थांबली आणि पुन्हा निघायला तयार झाली, या सगळ्याला लागलेला वेळ म्हणजे एक फेरा. फेऱ्याच्या वेळेला दोन बसमधल्या वेळेच्या अंतराने भागलं की गाड्यांची संख्या. फेरा १०० मिनिटांचा आणि दर २० मिनिटांनी बस हवी तर ५ गाड्या. दर १५ मिनिटांनी हवी तर भागाकार पावणेसातच्या जरा खाली येतो पण पाऊण गाडी मिळत नाही, म्हणून ७. शिवाय एखादी बिघडली तर हाताशी एक जादा.
आणि टोकाला थांबणं हा वाया गेलेला वेळ समजू नका. गाडी उशिरा आली तर तिथेच तो उशीर पचतो. तो काढून टाकला तर पहिल्या फेरीचा पाच मिनिटांचा उशीर दुपारपर्यंत अर्धा तास होतो, मग मागची गाडी पुढचीला गाठते आणि तासभर काही नाही नि मग दोन एकदम, हे तुम्ही सगळ्यांनी भोगलेलं आहे.

रानजाई
हे इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. पण मागणी आहे हे सिद्ध कसं करायचं? आम्ही घरोघरी विचारलं होतं "बस आली तर वापराल का", जवळपास सगळ्यांनी हो म्हटलं आणि तरी बस रिकामी गेली, तेच आमच्या अंगाशी आलं.

नकाशावेडा
तो प्रश्नच बदला. "वापराल का" ला माणूस भिडेखातर हो म्हणतो आणि ते खोटंही नसतं, त्याच्या मनातली बस त्याच्या वेळेला येणारी असते. त्याऐवजी विचारा, काल घरातून कोण कोण बाहेर गेलं, किती वाजता निघालं, कुठे गेलं, कशाने गेलं, परत किती वाजता आलं. फक्त काल. आठवडाभराचं विचारलं की लोक अंदाजपंचे सांगतात. शंभर घरांचं असं "काल"चं टिपण मिळालं की कुठल्या तासाला कुठल्या दिशेने माणसं जातात ते आपोआप दिसायला लागतं. त्याला जोड म्हणून कॉलेजच्या वेळा, कारखान्याच्या पाळ्या, दवाखान्यातल्या नंबरच्या वेळा लिहून काढा, त्या बदलत नाहीत.
नैरोबीचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे मटाटू म्हणून खासगी छोट्या बसगाड्या चालतात, अख्खं शहर त्यावर चालतं पण नकाशा कोणाकडेच नव्हता. तिथल्या विद्यापीठातली मुलं मोबाइल घेऊन त्या गाड्यांतून फिरली, मार्ग नि थांबे नोंदवले, आणि २०१४ साली शंभराहून जास्त मार्गांचा नकाशा सगळ्यांसाठी खुला झाला, आपण रेल्वेचा नकाशा बघतो तसा. माहिती गोळा करायला सरकारी माणूसच लागतो असं नाही.

जुना_वाहक
ताई, मी तीस वर्षं वाहक होतो, आता निवृत्त आहे. वर साहेबांनी लिहिलं ते बरोबर आहे पण कागदावरची वेळ आणि रस्त्यावरची वेळ यात फरक असतो म्हणून चार गोष्टी सांगतो. गाडीचा बराच वेळ थांब्यावर जातो हे लोकांना पटत नाही. एका दाराने चढणं आणि उतरणं, सुट्टे पैसे, मागून कोणीतरी थांबा थांबा ओरडतंय, गर्दीच्या वेळी एकेका थांब्यावर मिनिट मिनिट जातं. म्हणून गर्दीच्या वेळी एकदा आणि दुपारी एकदा अशी दोन्ही वेळा मार्गावरून जाऊन घड्याळ लावून वेळ घ्या. एकाच वेळेवर वेळापत्रक बसवलं की सकाळी गाडी कायम उशिरा आणि दुपारी चालक रेंगाळत चालवणार.
दुसरं म्हणजे शेवटच्या थांब्यावर गाडी वळणार कशी ते आधी बघा. मी किती वेळा खाली उतरून शिट्टी मारत गाडी मागे घेतली आहे, पावसात, अंधारात, मागे पोरं खेळत असताना. मोठी गाडी एका झटक्यात वळेल अशी मोकळी जागा नसेल तर अधिकारी पाहणीला येतो, बघतो आणि परत जातो, पुढे काही होत नाही. आणि तिथे चालक वाहकाला स्वच्छतागृह पाहिजे. हे कोणी अर्जात लिहीत नाही. पण जिथे नसतं त्या मार्गावर ड्यूटी घ्यायला कोणी तयार नसतं, बायका चालक वाहक तर अजिबात नाही, आणि मग माणूस नाही म्हणून फेरी रद्द असं रोज व्हायला लागतं.
तिसरं, शेवटची गाडी. संध्याकाळी परत यायला गाडी आहे याची खात्री नसेल तर माणूस सकाळी पण बसत नाही. रात्री साडेनऊच्या गाडीत मोजून चार माणसं असतात म्हणून ती बंद करतात, आणि मग सकाळच्या गाडीतली वीस कमी होतात, ते कोणी जोडून बघत नाही. मी माझ्या डोळ्याने बघितलं आहे.

तेजू
काका तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, शेवटच्या बसचं अगदी अगदी खरं आहे. मी दोन वर्षं फक्त त्या एका कारणासाठी दुचाकी नेत होते.
एक शंका, आता ॲपवर बोलावली की येणारी छोटी बस असते ना, ठरलेला मार्गच नाही, तसं काही केलं तर हे सगळे हिशेब टळतील का?

नकाशावेडा
तेजू, चांगला प्रश्न आहे आणि त्यावर प्रयोग होऊन गेलेत. हेलसिंकीमध्ये २०१२ साली कुत्सुप्लुस नावाची अशी सेवा सुरू झाली, मोबाइलवर बोलवायची, सॉफ्टवेअर सारख्या दिशेच्या लोकांना एका मिनीबसमध्ये गोळा करणार. वापरणाऱ्यांना आवडली होती. पंधरा गाड्यांपर्यंत पोचली, पण प्रत्येक प्रवाशामागे सरकारी पैसा फार जात होता आणि २०१५ च्या अखेरीस बंद केली. कारण तंत्राचं नाहीये, एक चालक दारोदार फिरला तर तासाला मोजकेच लोक नेऊ शकतो. ठरलेल्या मार्गावर लोक चालत थांब्यापर्यंत येतात म्हणून तोच चालक कितीतरी जास्त लोक नेतो. जिथे घरं अगदी विखुरलेली आहेत किंवा रात्री उशिरा, तिथे बोलावून येणारी गाडी चांगली. पण जितके जास्त लोक वापरतील तितका तोटा वाढतो, आणि ठरलेल्या मार्गावर नेमकं उलटं होतं.

खिडकीची_जागा
मी जर्मनीत राहते, इथल्या ब्युर्गरबसबद्दल सांगते, शब्दशः नागरिकांची बस. नॉर्थ ऱ्हाइन वेस्टफालिया राज्यात १९८५ पासून आहे आणि कल्पना मुळात शेजारच्या नेदरलँड्समधली, तिथे १९७७ पासून. जिथे मोठी बस परवडत नाही अशा गावांमध्ये लोक संस्था काढतात आणि गावातलेच स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त मंडळी, आठवड्यातून एखादी पाळी गाडी चालवतात. गाडी मुद्दाम आठ प्रवाशांची, म्हणजे मोठ्या बसचा परवाना लागत नाही. पण तुम्हाला वाटेल तशी ही खासगी हौस नाही! मार्ग, वेळापत्रक, परवाना, विमा, देखभाल यात नेहमीची परिवहन कंपनी पाठीशी असते आणि गाडी घ्यायला सरकारी मदत मिळते. लोकांचा वाटा म्हणजे वेळ. ब्रिटनमध्येही १९८५ च्या वाहतूक कायद्यात अशा सामुदायिक बससाठी वेगळ्या परवान्याची सोय आहे.
आमच्या इथला एक चालक सत्तरीचा आहे, त्याला कुठल्या आजी कुठल्या दिवशी केस कापायला जातात तेसुद्धा माहीत आहे, त्या थांब्यावर दिसल्या नाहीत तर संध्याकाळी दार वाजवून चौकशी करतो. मात्र नवे स्वयंसेवक मिळत राहणं अवघड असतं, सुट्ट्यांमध्ये पाळ्या भरताना नाकी नऊ येतात. साडेसातच्या गर्दीला आठ जागांची गाडी पुरणार नाही हेही आहेच.

अर्धविराम
छान माहिती. पण माझा मुद्दा राहिलाच. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात १९७४ मध्येच राखीव मार्गावरच्या बस सुरू झाल्या, कोलंबियातल्या बोगोटात २००० साली तशीच ट्रान्समिलेनिओ सेवा आली. हे करायला मेट्रोइतका खर्च आणि वेळ लागत नाही. आपण लहानच का मागायचं?

नकाशावेडा
अर्धविराम, राखीव मार्ग हवाच, माझा अजिबात विरोध नाही, खोळंबा टाळायला तोच खरा उपाय आहे. पण कुरितिबात नुसता रस्त्याचा पट्टा राखला नव्हता, उंच इमारतींना परवानगी त्याच रस्त्यांच्या कडेने दिली, म्हणजे माणसं बसजवळ राहायला आली. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद असा पावणेसहा किलोमीटरच्या आसपासचा राखीव बसमार्गाचा तुकडा २००८ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये उखडायला घेतला. बसमधल्यांचा वेळ वाचत होता, पण सिग्नलला मोटारींच्या रांगा लागल्या नि बाहेर फक्त मोटारवाल्यांचाच आवाज ऐकू आला. अहमदाबादेत २००९ ला सुरू झालेली जनमार्ग ही राखीव मार्गावरची बससेवा टिकली, वाढली. नायजेरियातल्या लागोसमध्ये २००८ ला २२ किलोमीटरची अशीच सेवा सुरू करताना आधीपासून त्या रस्त्यावर गाड्या चालवणाऱ्यांच्या संघटनेला बाहेर ठेवलं नाही, पहिली बस चालवणारी त्यांचीच सहकारी संस्था होती. नवी सेवा आली की कोणाचं तरी पोट त्या रस्त्यावर आधीपासून असतं. रानजाई, तुमच्याकडे वाटून जाणाऱ्या रिक्षा किंवा जीप असतील तर त्या चालकांशी पहिल्या दिवसापासून बोला, ते शत्रू नाहीत आणि कुठे कधी किती माणसं असतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही.

शब्दवेध
तिकीटच ठेवू नये असं माझं मत. लक्झेंबर्गने २०२० मध्ये सार्वजनिक वाहतूक देशभर मोफत केली, एस्टोनियाची राजधानी टॅलिनने मतदान घेऊन २०१३ पासून आपल्या रहिवाशांना मोफत केलं. तिकीट काढण्यातला वेळही वाचेल जो काकांनी सांगितला.

तेजू
मोफत पण दोन तासांनी एक बस असेल तर उपयोग काय पण? मी तरी पैसे देईन पण वेळेवर येऊ दे.

नकाशावेडा
तेजूशी सहमत. फ्रान्समधल्या डंकर्कने २०१८ मध्ये मोफत केलं त्याची बातमी सगळीकडे झाली, पण त्याच वेळी त्यांनी मार्गांची नव्याने आखणी केली आणि पाच मुख्य मार्गांवर दर दहा मिनिटांनी बस ठेवली, ते कोणी सांगत नाही. शिवाय फ्रान्समध्ये ११ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकांकडून पगाराच्या प्रमाणात वाहतुकीसाठी वेगळा कर घेतात, पॅरिस भागात १९७१ पासून. तिकीट सोडलं तर ती भर दुसरीकडून घालावी लागते, ती व्यवस्था आधी असेल तर खुशाल करावं. नसेल तर पहिल्याच तंगीच्या वर्षी फेऱ्या कापल्या जातात.

रानजाई
मंडळी, तीन आठवडे लिहिलं नाही कारण खरंच कामाला लागलो होतो. आम्ही सहा जण आहोत. एकशे दहा घरांचं "काल"चं टिपण झालं. जे दिसलं त्याने मी स्वतः हादरले, आम्हाला वाटत होतं सगळे स्टेशनला जातात, तर सकाळी नऊनंतर बाहेर पडणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका आहेत आणि त्या दवाखाना, बाजार, मुलांची शाळा असं दोन तीन ठिकाणी थांबत थांबत जातात. मागच्या निवेदनात यातलं अक्षरही नव्हतं, कारण ते लिहायला बसलेले सगळे साडेसातला निघणारे होते.
काकांनी सांगितल्याप्रमाणे वेळही घेतली. वस्ती ते स्टेशन, दवाखान्याच्या गल्लीतून वळसा घेऊन, एकाची व्हॅन घेऊन प्रत्येक थांब्यावर तेवढा वेळ थांबत. सकाळी गर्दीत जाताना ३४ मिनिटं, येताना २८. दुपारी जाताना २४, येताना २२. दोन्ही टोकांचं थांबणं मिळून काय धरू?

जुना_वाहक
दोन्ही मिळून दहा बारा मिनिटं तरी धरा. आणि शाबास, असं काम मोठ्या मोठ्यांनी करून आणलेलं नाही.

नकाशावेडा
अप्रतिम काम. आता बघा, ३४ आणि २८ म्हणजे ६२, वर १३ धरू, फेरा ७५ मिनिटं. एका गाडीत सव्वा तासाने बस, दोन गाड्यांत साडेसदतीस मिनिटांनी. हा आकडा त्रासदायक आहे, कारण वेळा दर तासाला बदलत राहतात, कोणाच्या लक्षात राहत नाहीत. दर अर्ध्या तासाने हवी तर तीन गाड्या लागतील आणि प्रत्येक गाडी फेऱ्याला २८ मिनिटं नुसती उभी. पण फेरा बरोबर ६० मिनिटांत बसला तर दोन गाड्यांत दर अर्ध्या तासाने, दिवसभर, सात वाजता, साडेसात वाजता, आठ वाजता. गल्लीतल्या वळशाला किती वेळ जातो?
स्वित्झर्लंडमध्ये हाच विचार देशाच्या पातळीवर केला. १९८२ पासून तिथे रेल्वेचं वेळापत्रक दर तासाला सारखंच. मग १९८७ साली लोकांनी मतदान करून रेल्वे २००० ही योजना मंजूर केली, त्यात आधी वेळापत्रक ठरवलं आणि मग ते पाळायला रूळ कुठे घालायचे ते ठरवलं. बर्न ते झुरिक प्रवास तासाच्या थोडा वर जात होता, तो तासाच्या आत आणायला नवा मार्ग बांधला, २००४ मध्ये सुरू झाला. गाड्या मोठ्या स्टेशनांवर एकाच सुमाराला येतात आणि लोक फलाट बदलून पुढे जातात. किती वेगात जायचं ते जोडणीवरून ठरलं. तुमच्याकडे रूळ नाहीत पण वळसा आहे, हिशेब तोच.

रानजाई
वळशाला सकाळी जाताना सहा आणि येताना सहा मिनिटं जातात. म्हणजे तो काढला तर २८ आणि २२, पन्नास, अधिक दहा, बरोबर साठ! पण मग बस दवाखान्याच्या दारात जाणार नाही. मुख्य रस्त्यावर उतरून साडेतीनशे मीटर चालायचं. ज्या काकूंसाठी मी हे सगळं सुरू केलं त्यांनाच बाजूला टाकायचं का?

अर्धविराम
साडेतीनशे मीटर म्हणजे चार पाच मिनिटं हो. बसमधल्या तीस जणांची सहा सहा मिनिटं वाचतायत.

वाटसरू
इतके दिवस नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. मी कुबड्या वापरतो. तुमचं चार मिनिटांचं गणित मिनिटाला ऐंशी मीटर चालणाऱ्या माणसाचं आहे. माझ्यासाठी साडेतीनशे मीटर म्हणजे वाटेत किती ठिकाणी फुटपाथ खाली उतरतो, कुठे गटाराचं झाकण उघडं आहे, रस्ता ओलांडताना गाड्या थांबतात का, आणि बसायला एक तरी जागा आहे का. बसची पायरी उंच असेल तर त्या आधीचं सगळं व्यर्थ. रानजाई, काकूंना विचारून, त्यांची तब्येत सांभाळून, एकदा त्यांच्याबरोबर तो रस्ता चालून बघा आणि घड्याळ लावा, जसं बसला लावलंत.

रानजाई
चाललो आम्ही, काल. जाताना नाही, डायलिसिस झाल्यावर परत येताना, कारण खरा त्रास तेव्हाच होतो. मुलगा गाडी घेऊन मागे होता. काकू दोनदा थांबल्या, एकदा एका दुकानाच्या पायरीवर टेकल्या, एकदा विजेच्या खांबाला हात लावून नुसत्या उभ्या राहिल्या. हाताला पट्टी बांधलेली होती, तो हात छातीशी धरून. मुख्य रस्ता ओलांडायलाच तीन मिनिटं गेली. एकूण अकरा मिनिटं. मला म्हणाल्या, "तू लोकांची बस कर, माझं बघता येईल." मी घरी येऊन खूप वेळ काही बोलले नाही.

नकाशावेडा
रानजाई, हे लिहिल्याबद्दल आभार. हा पेच जगात प्रत्येक ठिकाणी येतो आणि तो तज्ज्ञाने सोडवायचा नसतो, लोकांनी ठरवायचा असतो. असलेल्या पैशात जास्तीत जास्त लोक न्यायचे की कोणीच सुटू नये असं पोचायचं? दोन्ही पूर्ण मिळत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने २०१५ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत सगळं बसजाळं बदललं, त्याच्या आधी त्यांच्या मंडळाने उघडपणे ठरवलं की साधारण ऐंशी टक्के सेवा जास्त प्रवाशांसाठी आणि वीस टक्के कमी मागणीच्या भागांसाठी. आकडा कोणाला पटो न पटो, तो सगळ्यांसमोर ठरला.
पण तुमच्या बाबतीत मला एक फट दिसते. दुपारची वेळ परत बघा. वळशासकट २४ आणि २२, म्हणजे ४६. दहा धरले तरी ५६. साठच्या आतच आहे!

तेजू
अय्या म्हणजे दुपारी वळसा घेऊनही दोन गाड्यांत अर्ध्या तासाने होतंय?

नकाशावेडा
हो. सकाळ संध्याकाळ गर्दीत सरळ रस्त्याने, आणि मधल्या वेळात दवाखान्याच्या दारातून. गाड्या त्याच, चालक तेच. काकूंची डायलिसिसची वेळ काय आहे?

रानजाई
अकराला आत घेतात, साडेतीनपर्यंत सुटका होते. बसतंय!! आणि आमच्या टिपणातल्या बायका पण नऊनंतरच निघतात.

जुना_वाहक
चांगलं आहे पण एक सांभाळा, वेळेप्रमाणे मार्ग बदलला की नवा प्रवासी गोंधळतो. पाटीवर क्रमांकच वेगळा ठेवा, वळसा घेणारीला वेगळं अक्षर, आणि पुढच्या पाटीवर दवाखाना असं मोठ्या अक्षरात. वाहकाने थांब्यावर ओरडून सांगितलं पाहिजे. आणि संध्याकाळच्या पहिल्या सरळ गाडीच्या आधीची दवाखान्याची गाडी थोडी उशिरापर्यंत ठेवा, आत कोणाचं यंत्र उशिरा सुटलं तर माणूस अडकायला नको.

वाटसरू
आणि मुख्य रस्त्यावरच्या थांब्याला बाक आणि ओलांडायला उंच पट्टा, हे त्याच अर्जात मागा, वेगळं ठेवू नका. वेगळं ठेवलं की ते कायमचं मागे पडतं. पायरी खाली असलेली गाडी पण.

खिडकीची_जागा
चाचणी म्हणून देणार असतील तर किमान एक वर्ष मागा हं. तीन महिन्यांच्या बसवर भरवसा ठेवून कोणी दुचाकी विकत नाही की कॉलेज बदलत नाही. आणि यश कशाला म्हणायचं ते सुरू व्हायच्या आधी लिहून घ्या, किती महिन्यांनी, दर तासाला किती प्रवासी, नाहीतर चार महिन्यांनी पुन्हा तेच पत्र येईल.

नकाशावेडा
बरोबर. चालकांचा हिशेबही जोडा. सकाळी सहा ते रात्री दहा, सोळा तास, दोन गाड्या, म्हणजे दिवसाला बत्तीस गाडीतास. आठ तासांच्या चार ड्यूट्या, साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरून सहा चालक लागतील, तेवढेच वाहक. एक गाडी जादा. बससेवेत सगळ्यात मोठा खर्च बहुतेक वेळा माणसांचा असतो, त्यामुळे दुपारी गाडी आगारात उभी ठेवून फारसं वाचत नाही हेही लिहा. आणि मंजूर झालं तर वेळापत्रक मोबाइलच्या नकाशात दिसेल अशा ठरलेल्या साच्यात द्यायला सांगा. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या परिवहन संस्थेने गूगलबरोबर २००५ मध्ये तो साचा सुरू केला आणि आता जगभर तोच वापरतात. नवीन राहायला आलेल्या माणसाला बस आहे हे कळायचा तोच रस्ता आहे.

रानजाई
अर्ज काल रात्री लिहून झाला, चार पानं. पहिल्या पानावर फक्त वेळापत्रक आहे. दुसऱ्यावर गाड्या आणि चालकांचा हिशेब, तिसऱ्यावर एकशे दहा घरांचं टिपण, चौथ्यावर वळायच्या जागेचा नकाशा मापांसकट आणि तिथल्या स्वच्छतागृहाची जागा, ती एका मंडळाने द्यायचं कबूल केलंय लेखी. बाक आणि पट्टा पहिल्याच पानावर घातलेत वाटसरू. काकूंची अकरा मिनिटंही लिहिलीत, त्यांना विचारून. जीपचालकांपैकी दोघे आमच्या बरोबर येतायत, त्यांना मोठ्या गाडीचा परवाना काढायचा आहे, चालक भरतीत आमचा विचार व्हावा असं त्यांचं पत्र जोडलंय.
भेटीची वेळ पुढच्या मंगळवारी मिळाली आहे. त्याच्या आधी बुधवारी आणि गुरुवारी सकाळी सहा ते नऊ मुख्य रस्त्याच्या थांब्यावर मोजणी करायची आहे, किती जण आमच्या बाजूने चालत येतात ते. बुधवारी चौघे आहेत, गुरुवारी दोघीच आहोत. काका, मोजताना एकदम घोळका आला तर तुम्ही लोक कसं मोजायचात?

जुना_वाहक
पाच पाचच्या रेघा मारायच्या ताई, चार उभ्या आणि पाचवी आडवी, आणि चेहऱ्याकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं. गुरुवारी मी येतो. पत्ता निरोपात कळवा.